ओळखीच्या घरी उतरून हैदराबाद, कोलकाता, दिल्ली: दोघांसाठी सोळा दिवसांचा बेत

सांगली जिल्ह्यातल्या आमच्या विट्यात एक गंमत आहे. भारताचा नकाशा पुढ्यात घ्या, डोळे मिटून कुठल्याही मोठ्या शहरावर बोट ठेवा. तिथं कुणाचा तरी मेहुणा, चुलता नाहीतर वर्गमित्र सोनं गाळत बसलेला असतो. सराफांकडचे जुने दागिने, कारागिरांच्या कामातली चूर भट्टीवर मुशीत आटवायची, तेजाबात घालून त्यातलं सोनं-चांदी शुद्ध करून द्यायची, हा गलाईचा धंदा. दुष्काळानं खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळच्या माणसांना घराबाहेर काढलं आणि ती पार कोचीनपासून दिल्लीपर्यंत जाऊन बसली. आमच्या यांच्या वर्गातली निम्मी मुलं अशीच पांगली. यात्रेला भेटली की प्रत्येकाचं एकच पालुपद, "या की एकदा आमच्याकडं. घर काय परकं हाय व्हय?"

हे निवृत्त झाल्यावर आम्ही ते बोलणं मनावर घेतलं. पहिल्या फेरीत बऱ्याच चुका केल्या, दुसरीत कमी केल्या. आता ओळखीपाळखीतले लोक बेत विचारायला येतात, म्हणून एकदाच नीट लिहून काढते. तुमचे मित्र गलाईवाले नसतील, आयटीत असतील, बँकेत असतील. शहरंही वेगळी असतील. पण मित्राचं घर दोन खोल्यांचं असणार आणि बाथरूम एक असणार, हे धरून चाला.

आधी विचारायचं, आणि "नाही" म्हणायला जागा ठेवून विचारायचं

"या की" हे आमंत्रण नसतं, तो नमस्कार असतो. त्यामुळे तारखा ठरवायच्या आधी फोन. मेसेज नको, मेसेजवर माणूस संकोचानं "हो" लिहून मोकळा होतो. फोन यांनी मित्राला केला, तरी शेवटचं बोलणं मी त्या घरच्या बाईशीच करते. पाहुण्यांचं ओझं कुणावर पडतं हे आपल्या घरात बघितलेलं असतंच. मी म्हणते, "वहिनी, फेब्रुवारीत चार दिवस यायचा विचार आहे. तुमच्याकडं मुलांच्या परीक्षा असतील, कुणी यायचं असेल, तर मोकळेपणानं सांगा. आम्ही लॉज बघून ठेवलाय, जेवायला तेवढं येऊ." ही लॉजची गोष्ट खरी असावी. खरंच एखादं ठिकाण बघून, भाडं विचारून ठेवा. नकार देणाऱ्याला त्यामुळे सोपं जातं, आणि ऐनवेळी त्यांच्याकडे आजारपण निघालं तर तुमची फरफट होत नाही. आमच्यावर एकदा ती वेळ आली. यजमानांच्या सासूबाई अचानक दवाखान्यातून घरी आल्या. आम्ही अर्ध्या तासात बॅगा उचलल्या आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्यासाठी डबा घेऊन गेलो.

याच फोनमध्ये चार गोष्टी विचारून घ्या: पाणी किती वाजता येतं, सकाळी कोण किती वाजता बाहेर पडतं, जिने किती आहेत, आणि घराच्या जवळचं मेट्रो स्टेशन कोणतं. कोलकात्यात बऊबाजारच्या घराचे जिने न विचारल्यामुळे यांनी वीस किलोची बॅग चौथ्या मजल्यावर वाहिली.

मुक्काम तीन रात्री, फार तर चार. त्याहून जास्त राहायचं असेल तर ते नातं वेगळं, त्याला हा लेख लागू नाही.

तारखांबद्दल धंद्याचं गणितही बघा. सोन्याच्या कामातल्या माणसाकडे धनत्रयोदशी आणि अक्षय्य तृतीयेच्या आधीच्या पंधरवड्यात जाऊ नका. त्याला जेवायलाही फुरसत नसते. दसऱ्यात गेलात तर घराला कुलूप दिसेल, कारण पालख्यांची शर्यत बघायला तोच विट्यात आलेला असतो. दिल्लीत डिसेंबरअखेर ते जानेवारीत धुकं असतं आणि गाड्या तासन् तास रखडतात. शिवाय २६ जानेवारीच्या आसपास लाल किल्ला पर्यटकांना बंद ठेवतात. आम्हाला फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा मानवला. दहावी-बारावीचं मूल असलेलं घर मात्र तेव्हा टाळा.

वार आधी, तारीख नंतर

सगळ्यात जास्त पैसे आणि पाय इथं वाचतात. प्रत्येक शहराचा सुट्टीचा वार वेगळा. हैदराबादचं सालारजंग संग्रहालय आणि चौमहल्ला राजवाडा शुक्रवारी बंद. कोलकात्यात व्हिक्टोरिया मेमोरियलची दालनं आणि इंडियन म्युझियम सोमवारी बंद. दिल्लीत लाल किल्ला, नॅशनल म्युझियम, अक्षरधाम, लोटस टेंपल सगळी सोमवारी बंद, आणि आग्र्याचा ताज शुक्रवारी.

हे कागदावर मांडलं की बेत आपोआप जुळतो. आमचा असा जुळला: शुक्रवारी विट्याहून एसटीनं सोलापूर (मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे आमच्यात मी स्वस्त), तिथून रेल्वेनं शनिवारी हैदराबाद. रविवार-सोमवार फिरणं. मंगळवारी दुपारी सिकंदराबादहून फलकनुमा एक्सप्रेस, बुधवारी संध्याकाळी हावडा. गुरुवार, शुक्रवार, शनिवार कोलकाता. रविवारी हावड्याहून राजधानी, सोमवारी सकाळी दिल्ली. सोमवारी सगळंच बंद, म्हणून तो दिवस कपडे धुवायचा आणि झोपायचा. हा दिवस बेतात मुद्दाम ठेवा. दहा दिवसांनंतर नवरा-बायकोची भांडणं दमल्यामुळेच होतात. मंगळवार, बुधवार दिल्ली, गुरुवारी आग्रा. शुक्रवारी दुपारी हजरत निजामुद्दीनहून गोवा एक्सप्रेस धरली की ती पुणे-सातारा करत शनिवारी रात्री थेट मिरजेला सोडते. रात्री मिरजेहून विट्याला यायचं झेपत नाही, तिथं माझी बहीण आहे. गाड्यांच्या वेळा बदलत असतात, तिकीट काढताना पुन्हा बघून घ्या.

तिकिटांचं एक ध्यानात ठेवा. नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी सुरू होतं. म्हणजे चार गाड्यांसाठी चार वेगवेगळ्या दिवशी सकाळी आठला मोबाइल घेऊन बसायचं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरात त्या चार तारखांना लाल गोल करते. ज्येष्ठांची भाडेसवलत मार्च २०२० पासून बंद आहे, पण खालचा बर्थ देताना साठीचे पुरुष आणि पंचेचाळिशीपुढच्या बायका यांचा विचार होतो. मात्र एका तिकिटावर दोघंच असावेत. तीन जोडप्यांनी मिळून एकच तिकीट काढलं की सगळे वरच्या बर्थवर चढतात. तत्काळवर विसंबून राहू नका. एसीचं दहाला आणि स्लीपरचं अकराला उघडतं, आणि आता ऑनलाइन तत्काळला आधारशी जोडलेलं खातं लागतं. ते जोडायचं काम निघायच्या आधी करून ठेवा, फलाटावर उभं राहून नाही.

पिशव्या: जाताना जड, येतानाही जड

एका माणसाला जिन्यानं वर नेता येईल एवढीच बॅग, माणशी एक. स्वतःचे टॉवेल, साबण, घरात घालायच्या चपला, एक पातळ चादर, कपडे वाळत घालायला दोरी, पंधरा दिवसांच्या गोळ्या अधिक चार दिवसांच्या जादा. यजमानांकडे टॉवेल मागणं म्हणजे त्यांच्या धुण्यात भर घालणं.

तिसरी पिशवी खाऊची. यात लोक घोळ घालतात. बाहेर राहणाऱ्या आपल्या माणसाला मिठाई नको असते, ती तिथं चौकाचौकात मिळते. त्याला लागतं शाळूचं पीठ, घरची कांदा-लसणाची चटणी, शेंगदाण्याची चटणी, भडंग. तासगावचे बेदाणे आणि सांगलीची हळद शेजाऱ्यांना, घरमालकाला द्यायला उपयोगी पडते. दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे, हे यजमान शेजाऱ्यांना मोठ्या अभिमानानं सांगतात. साताऱ्याचे कंदी पेढे खवा खरपूस भाजून करतात, त्यामुळे साध्या पेढ्यांपेक्षा टिकतात, तरी ते पहिल्याच शहरात द्या. प्रत्येक घराची पिशवी वेगळी बांधा आणि वर शहराचं नाव लिहा. शेवटच्या शहराची सगळ्यात खाली. चटणी प्लास्टिकच्या डब्यात नको. पहिल्या फेरीत तिचं तेल सुटून यांचे दोन पांढरे शर्ट दिल्लीपर्यंत लाल होऊन गेले. स्टीलचा फिरकीचा डबा, त्यावर दोन पिशव्या.

दुकानात आपल्याकडचीच पोरं कामाला असतात, तिथंच झोपतात, तिथंच रांधतात. त्यांच्यासाठी दोन किलो भडंग वेगळा न्या. आम्हाला शहरातले सगळे शॉर्टकट याच पोरांनी दाखवले.

घरात वावरायचं कसं

पहिल्या संध्याकाळी चहा झाल्यावर मी विचारते, "सकाळी मोरी कधी मोकळी असते?" प्रश्न हसण्यावारी जातो, पण उत्तर मिळतं. डबे, शाळा, पाणी यांच्या गर्दीत आपण अंघोळीला शिरायचं नाही. एकतर सहाच्या आत उरका किंवा नऊनंतर. आम्ही लवकरचं धरतो, कारण शहरं सकाळीच बघण्यासारखी असतात.

बाहेर पडताना रोज एक वाक्य: "रात्री जेवायला आहोत" किंवा "नाही आहोत". मोघम "बघू" म्हणालात की ती बाई चार पोळ्या जास्त लाटून साडेनऊपर्यंत वाट बघत बसते. एका संध्याकाळी स्वयंपाक आपण करा. मी झुणका-भाकरी करते, शाळूचं पीठ आपणच आणलेलं असतं. एक जेवण बाहेर, बिल आपलं. बिलासाठी हातघाई होते, म्हणून हे आधीच काउंटरवर पैसे देऊन येतात. परतताना रोज दूध किंवा भाजी घेऊन या. लॉजचे वाचलेले पैसे खिशात टाकायचे नाहीत. आम्ही दिवसाला पाचशे रुपये त्याच घरासाठी वेगळे ठेवतो आणि निघताना उरले तर मुलांच्या हातावर ठेवतो. उशीखाली पाकीट ठेवू नका. त्याचा अपमान वाटतो, आणि तो वाटणं बरोबरच आहे.

यजमानांना सुट्टी काढायला लावू नका. त्यांनी सालारजंग वीस पाहुण्यांबरोबर वीस वेळा बघितलेलं असतं. एखादी रविवारची संध्याकाळ त्यांच्याबरोबर, बाकी आपण आणि मेट्रो.

हैदराबाद

चारमिनार १५९१ चा. सकाळी लवकर जा. दहानंतर तिथं फोटोत माणसांची डोकीच येतात. मेट्रोनं एमजीबीएसला उतरून पुढं रिक्षा. तिथून चौमहल्ला चालत, मग सालारजंग. संग्रहालय अवाढव्य आहे, सगळं बघायचा हट्ट सोडा. दोनच गोष्टी चुकवू नका. एक बुरखा घेतलेल्या रिबेकाचा संगमरवरी पुतळा: दगडातून कापडाची झिरझिरीत घडी कशी काढली असेल हे बघत मी बराच वेळ उभी होते. दुसरं संगीत घड्याळ: दर तासाला आतला छोटा माणूस बाहेर येऊन टोले देतो. बाराला सर्वांत जास्त टोले, म्हणून पावणेबाराला जागा धरा.

गोवळकोंडा दुसऱ्या दिवशी, तीननंतर. फतेह दरवाज्याच्या घुमटाखाली टाळी वाजवली की वर बाला हिसारला ऐकू येते. आम्ही प्रयोग केला: मी खाली, हे वर. मोबाइलवर "वाजव आता" सांगून टाळी वाजवायची, म्हणजे मूळ गंमत गेलीच, पण ऐकू आली. साडेतीनशेच्या आसपास पायऱ्या आहेत; गुडघे कुरकुरत असतील तर अर्ध्यावर बसा, तिथूनही शहर छान दिसतं. कुतुबशाही घुमट जवळच आहेत, ते आधी उरका.

कोलकाता

इथं घड्याळापेक्षा सूर्याकडे बघा. सांगली आणि कोलकाता यांच्या रेखांशात सुमारे चौदा अंशांचा फरक, म्हणजे तिथं सूर्य आपल्यापेक्षा जवळपास ५५ मिनिटं आधी उगवतो आणि तेवढाच आधी मावळतो. आपल्या सवयीनं चारला चहा पिऊन बाहेर पडलात तर काळोखात फिराल. आम्ही साडेपाचला उठून हावडा पुलाखालच्या मल्लिक घाटावर फुलांचा बाजार बघायला गेलो. झेंडूच्या माळांची अजगरासारखी वेटोळी डोक्यावर घेऊन हमाल पळत असतात. तिथं मध्ये उभं राहून फोटो काढू नका, शिव्या बंगालीत असल्या तरी कळतात. पूल १९४३ चा, वरून एकदा चालत जा. परत येताना बोट घ्या, तिकीट अगदी किरकोळ.

कोलकात्याची मेट्रो देशातली पहिली, १९८४ ची. हुगळीच्या पात्राखालून जाणारा तिचा मार्ग मार्च २०२४ ला सुरू झाला. हावड्याहून एस्प्लनेडला या, नदी कधी मागं पडली ते कळतही नाही. व्हिक्टोरिया मेमोरियल, इंडियन म्युझियम (१८१४ चं) एका दिवसात. दुसऱ्या दिवशी दक्षिणेश्वर; राणी रासमणींनी बांधून घेतलेलं हे देऊळ १८५५ चं. सकाळी लवकर दर्शन घेऊन बोटीनं बेलूर मठ. दुपारी दोन्हीकडे दारं बंद असतात, वेळ चुकवलीत तर पायरीवर बसावं लागेल.

आणखी एक, खास आपल्यासाठी. नागपूरकर भोसल्यांच्या फौजांच्या भीतीनं १७४२ मध्ये कोलकातेकरांनी शहराभोवती खंदक खणायला घेतला, मराठा खंदक. पुढं तो बुजवून त्यावर सर्क्युलर रोड झाला. त्या रस्त्यावरून बसनं जाताना हे फुशारकीनं मिशीवर हात फिरवत होते. संध्याकाळी मित्राच्या बंगाली शेजारणीनं सांगितलं, की पोरं झोपेनात की आया अजूनही "बर्गी आले" असं अंगाईत म्हणतात. बर्गी म्हणजे लुटायला आलेले मराठा घोडेस्वार. मिशीवरचा हात खाली आला.

दिल्ली आणि आग्रा

करोल बागेत उतरलो होतो, मेट्रो दारात. दिल्ली मेट्रोत पहिला डबा बायकांचा. मी त्यात आणि हे मागं, असं कधीतरी करून बघा; पण कुठं उतरायचं ते आधी ठरवून. हे एक स्टेशन पुढं गेले आणि अर्धा तास मला राजीव चौकात उभं राहावं लागलं. ताटातूट झाली तर जो योग्य स्टेशनवर उतरलाय त्यानं हलायचं नाही, असा आमचा आता करार आहे.

लाल किल्ला आणि चांदणी चौक एका सकाळी. जवळच कुचा महाजनी हा सोन्याचा बाजार, तिथल्या गल्ल्यांत आटपाडीची बोली ऐकू येते. कुतुबमिनार (साडेबहात्तर मीटर) आणि हुमायूनची कबर दुसऱ्या दिवशी. पुरातत्त्व खात्याच्या अशा वास्तूंना भारतीयांना खिडकीवर ४० रुपये, ऑनलाइन ३५. पाच रुपयांपेक्षा रांग वाचते हे महत्त्वाचं.

आग्र्याला निजामुद्दीनहून गतिमान एक्सप्रेस पावणेदोन तासांच्या आत पोचवते. तीही शुक्रवारी नसते. ताजला प्रवेश ५० रुपये आणि मुख्य कबरीपर्यंत जायचं तर आणखी २००. लोक ताज बघून दमतात आणि किल्ला सोडतात. उलट करा. ताज सकाळी दोन तासांत आटपा आणि किल्ल्याला वेळ ठेवा. १६६६ मध्ये महाराज औरंगजेबाच्या दरबारात आले ते इथंच. किल्ल्याबाहेर त्यांचा अश्वारूढ पुतळा आहे. साताऱ्याकडचा एक घोळका तिथं भेटला, "कुठलं गाव?" पासून सुरुवात झाली आणि निघताना आमच्याकडचा उरलेला भडंग संपला.

निघताना

चादरी, उशांचे अभ्रे काढून घडी घालून ठेवा. गादी जागेवर. बाथरूममधला आपला साबण उचला. गाडीत बसल्यावर फोन, पोचल्यावर पुन्हा फोन.

आणि परतीसाठी एक पिशवी आधीपासून रिकामी ठेवा. हे कुणी सांगत नाही, पण प्रत्येक घरातून गावाकडं द्यायला काहीतरी निघतंच: आईची साडी, वडिलांचा चष्मा, भाच्याचे बूट. सगळं घ्या, एक सोडून. सोनं-चांदी, मग ती नाकातली चमकी का असेना, बिलाशिवाय न्यायची नाही. मित्र असला तरी हे हसत पण स्पष्ट सांगा, "भाऊजी, तेवढं तुम्हीच यात्रेला घेऊन या."

या वेळी आमच्या पिशवीत कोलकात्याची एक तांताची साडी होती, खानापूरजवळच्या एका म्हातारीसाठी. मिरजेहून घरी न जाता आधी तिच्याकडं गेलो. तिनं साडी उलगडली, नाकाशी धरली आणि विचारलं, "वाळलाय का गं त्यो?"